बर्फातले जिवाणू आणि आपल्या गोळ्या



मागच्या महिन्यात गटाची बैठक संपली, सगळ्या जणी उठल्या, पण एक ताई मागे थांबली. पिशवीतून घडी घातलेला कागद काढून माझ्या हातात दिला. लघवीच्या तपासणीचा रिपोर्ट होता. तीन आठवडे तिला लघवीला जळजळ होत होती, अधूनमधून ताप यायचा, ओटीपोटात दुखायचं. दोनदा गोळ्या आणून घेतल्या. दोन दिवस बरं वाटायचं, पुन्हा तेच. शेवटी तालुक्याच्या डॉक्टरांनी लघवीचं कल्चर करायला सांगितलं.

त्या कागदावर एकाखाली एक औषधांची नावं होती आणि प्रत्येक नावापुढे एक इंग्रजी अक्षर. कुठे 'एस', कुठे 'आर'. ताई म्हणाली, "एस म्हणजे चालणारं औषध, आर म्हणजे न चालणारं, असं डॉक्टर म्हणाले. बघा ना, सगळे आरच आहेत. एस फक्त दोन. उद्या ते दोनपण गेले तर नवीन औषध आणायचं कुठून?"

आज मी याच प्रश्नावर बोलणार आहे. नवीन औषध शोधायला शास्त्रज्ञ कुठे कुठे जातात, हे ऐकलंत तर तुम्हाला नवल वाटेल. काही जण त्यासाठी चक्क बर्फात जाऊन पोचले आहेत. हजारो वर्षं न वितळलेल्या बर्फात.

आधी एक गैरसमज दूर करू. "माझ्या अंगाला त्या गोळीची सवय झाली," असं आपण म्हणतो. सवय आपल्या अंगाला होत नाही, जंतूला होते. रिपोर्टावरचं 'आर' त्या ताईबद्दल काही सांगत नव्हतं. तिच्या लघवीत वाढलेल्या जिवाणूबद्दल सांगत होतं. प्रयोगशाळेत तो जिवाणू वाढवून त्याच्यावर एकेक औषध लावून बघतात. मेला किंवा वाढायचा थांबला तर 'एस'. औषधाला न जुमानता वाढत राहिला तर 'आर'. आणि असा हट्टी जिवाणू तिच्याकडून घरातल्या दुसऱ्या कुणाकडे गेला, तर तिथेही तो हट्टीच राहतो. त्या दुसऱ्या माणसाने आयुष्यात एकही गोळी घेतलेली नसली तरी.

औषध आलं मातीतून

जिवाणूंना मारणाऱ्या औषधांना आपण अँटिबायोटिक म्हणतो. ही औषधं आली कुठून? बरीचशी माणसाने बनवलेली नाहीत. ती त्याला सापडली आहेत.

१९२८ साली लंडनमध्ये अलेक्झांडर फ्लेमिंग यांच्या प्रयोगशाळेत एका बशीत जिवाणू वाढवले होते. त्या बशीत बुरशी पडली. आपल्या भाकरीवर, लोणच्यावर पडते तशीच. त्या बुरशीच्या आजूबाजूचे जिवाणू मात्र नाहीसे झाले होते. बुरशीतून पाझरणाऱ्या त्या पदार्थाचं नाव पेनिसिलिन. पुढे दुसऱ्या शास्त्रज्ञांनी त्याचं औषध तयार केलं.

मग सगळ्यांचं लक्ष मातीकडे गेलं. मृगाचा पहिला पाऊस पडला की मातीचा जो वास येतो, तो आपल्या सगळ्यांच्या ओळखीचा. तो वास मातीतले काही जिवाणू तयार करतात. स्ट्रेप्टोमायसिस हे त्यांच्यातलं मोठं कुळ. याच कुळातून १९४३ साली अमेरिकेत सेल्मन वाक्समन यांच्या प्रयोगशाळेत अल्बर्ट शाट्झ या विद्यार्थ्याने स्ट्रेप्टोमायसिन हे औषध वेगळं काढलं. ज्या जिवाणूंपासून ते मिळालं, त्यांतला एक भरपूर शेणखत घातलेल्या शेतातल्या मातीतला होता आणि दुसरा एका कोंबडीच्या घशातला. क्षयरोगावर नीट लागू पडणारं हे पहिलं अँटिबायोटिक.

आपल्या महाराष्ट्रातही हे काम झालं आहे. १९५४ साली पुण्याजवळ पिंपरीला हिंदुस्तान अँटिबायोटिक्स ही सरकारी कंपनी स्थापन झाली. तिथल्या शास्त्रज्ञांना पिंपरीच्याच मातीतल्या जिवाणूपासून बुरशीवरचं एक औषध मिळालं. त्याचं नाव हॅमायसिन. त्या जिवाणूच्या नावात पिंपरीचं नाव आहे.

आता जिवाणू हे पदार्थ कशाला तयार करत असतील? आपल्यासाठी तर नक्कीच नाही. चिमूटभर मातीत कोट्यवधी जीव दाटीने राहतात. अन्न थोडं, खाणारे फार. मग शेजाऱ्याला दूर ठेवायला, त्याची वाढ रोखायला जो तो काहीतरी सोडत असतो. बांधावरून चालणाऱ्या भांडणासारखंच आहे हे. त्यांच्या भांडणातलं हत्यार आपण उचललं आणि त्याचं औषध केलं.

माती पुरेनाशी झाली

१९४० ते १९६० या वर्षांत मातीतून एकामागून एक औषधं मिळत गेली. नंतर मात्र एक अडचण येऊ लागली. नवीन माती आणावी, जिवाणू वाढवावेत, औषध वेगळं काढावं, तर ते आधीच माहीत असलेलंच निघायचं. त्याच विहिरीत पुन्हा पुन्हा पोहरा टाकल्यासारखं झालं.

दुसरी अडचण अशी, की मातीतले बहुतेक जिवाणू प्रयोगशाळेतल्या बशीत वाढतच नाहीत. आणि तिसरी अडचण पैशाची. अँटिबायोटिक माणूस पाच-सात दिवस घेतो. बीपीची, साखरेची गोळी वर्षानुवर्षं घेतो. शिवाय नवं अँटिबायोटिक निघालं तरी डॉक्टर ते अगदी गरज पडेल तेव्हाच वापरायला राखून ठेवतात, आणि तेच योग्य आहे. पण त्यामुळे विक्री कमी होते, आणि मोठ्या कंपन्या या शोधावर पैसा घालायला मागेपुढे पाहतात.

इकडे जिवाणू काही थांबलेले नाहीत. औषधांना न जुमानणाऱ्या जिवाणूंमुळे २०१९ या एका वर्षात जगात सुमारे १२ लाख ७० हजार माणसं दगावली, असा अंदाज शास्त्रज्ञांनी मांडला आहे. बाळंतपणानंतरचा ताप, नवजात बाळाच्या रक्तात पसरणारा जंतुसंसर्ग, सिझेरियनची जखम, अपघातानंतरचं ऑपरेशन, या सगळ्यांत आपण अँटिबायोटिकच्या भरवशावर असतो. तो भरवसा गेला तर साधी जखमही जिवावर बेतू शकते. आपल्या आजीच्या काळात बेतायचीच.

म्हणून शास्त्रज्ञांनी ठरवलं, जिथे आजवर कुणी फारसं खणलं नाही तिथे बघायचं. कुणी समुद्राच्या तळाशी गेलं, कुणी गरम पाण्याच्या झऱ्यांत. आणि कुणी बर्फात.

बर्फात जिवाणू जगतात तरी कसे?

थंडीच्या दिवसांत दही लवकर लागत नाही. आपण विरजणाचं भांडं चुलीच्या उबेला ठेवतो, फडक्यात गुंडाळतो. गारठ्यात विरजणातले जिवाणू सुस्तावतात. पण एक गोष्ट तुम्ही पाहिली असेल. फ्रिजमध्ये ठेवलेलं दूधही फार दिवस राहिलं तर खराब होतं. म्हणजे गारठ्यातही हळूहळू वाढणारे जिवाणू असतात. बर्फातले जिवाणू त्यांच्याही पुढे गेलेले.

त्यांची युक्ती समजून घ्यायला तेलाचं उदाहरण घेऊ. थंडीत खोबरेल तेल बाटलीत गोठून बसतं. शेंगदाण्याचं किंवा करडईचं तेल मात्र पातळच राहतं. दोन्ही तेलंच, पण त्यांच्यातल्या स्निग्धाची घडण वेगळी. प्रत्येक जिवाणूच्या भोवती स्निग्ध पदार्थाचं एक पातळ आवरण असतं. ते खोबरेलासारखं गोठलं तर आतबाहेर काही जाणार नाही आणि जिवाणू मरेल. थंडीतल्या जिवाणूंचं आवरण करडईच्या तेलासारखं असतं. गारठ्यातही मऊ राहतं.

काही जिवाणू असे प्रथिन पदार्थ तयार करतात, की त्यामुळे बर्फाचे टोकदार स्फटिक वाढत नाहीत. नाहीतर ते स्फटिक जिवाणूच्या पेशीला फोडतील. समुद्राच्या पाण्याचा बर्फ होताना मीठ बाजूला सारलं जातं आणि बर्फात खाऱ्या पाण्याच्या बारीक बारीक नळ्या राहतात. मिठामुळे ते पाणी गोठत नाही. तिथे जिवाणूंची वस्ती असते.

त्यांचं सगळं जगणंच संथ. आपल्या आतड्यातला एखादा जिवाणू चांगलं अन्न आणि ऊब मिळाली तर वीस मिनिटांत एकाचे दोन होतो. गारठ्यातल्या काहींना त्याला कित्येक दिवस लागतात. अन्न कमी, जागा कमी, वाढ हळू. अशा ठिकाणी शेजारी वरचढ झाला तर संपलंच. म्हणून शास्त्रज्ञांचा तर्क असा, की इथल्या जिवाणूंकडेही लढायची हत्यारं असणार. आणि ती वेगळ्या परिस्थितीत घडलेली असल्यामुळे मातीतल्या हत्यारांपेक्षा निराळी असू शकतील.

हा तर्क अगदीच पोकळ नाही. अंटार्क्टिका म्हणजे पृथ्वीच्या दक्षिण टोकाचा बर्फाचा खंड. तिथल्या टेरा नोव्हा बे या भागातल्या स्ट्रेप्टोमायसिस जिवाणूपासून फ्रिगोसायक्लिनोन नावाचा पदार्थ मिळाला आहे. जखमा चिघळवणाऱ्या एका जिवाणूची वाढ तो प्रयोगशाळेत रोखतो. हिमनद्यांत आणि थंड पाण्यात जांभळ्या रंगाचे काही जिवाणू सापडतात. त्यांचा तो जांभळा रंगच दुसऱ्या जिवाणूंना मारक असतो. अंटार्क्टिकाच्या समुद्रातल्या स्पंज नावाच्या जीवांवर राहणारे काही जिवाणू तर नुसती वाफ सोडून समोरच्याची वाढ थांबवतात.

यांतलं काहीही अजून दुकानात मिळणारं औषध झालेलं नाही, हेही लगेच सांगते.

गुहेतला पाच हजार वर्षांचा बर्फ

युरोपात रोमानिया नावाचा देश आहे. तिथल्या डोंगरात स्कारिशोआरा नावाची एक गुहा आहे. तोंड वर, विवर खाली खोल. हिवाळ्यात थंड हवा जड असल्यामुळे आत उतरते आणि उन्हाळ्यात बाहेर निघत नाही. त्यामुळे गुहेत बर्फाचा प्रचंड थर साठला आहे. दरवर्षी नवा थर जुन्यावर बसत गेला. कणगीत धान्य भरावं तसं, सगळ्यात जुनं तळाशी.

शास्त्रज्ञांनी त्या बर्फात वरून खाली २५ मीटर लांबीचा एक दांडा कापून काढला. बोअर मारताना आतून मातीचे, खडकाचे थर क्रमाने बाहेर येतात, तसाच हा प्रकार. त्या दांड्यात सुमारे १३ हजार वर्षांचा इतिहास होता. बर्फाचे तुकडे निर्जंतुक पिशव्यांत भरले आणि गोठलेलेच प्रयोगशाळेत नेले. वाटेत आपल्या हातावरचा एक जरी जिवाणू त्यात मिसळला तरी सगळं काम वाया जाणार, म्हणून ही काळजी.

सुमारे पाच हजार वर्षं जुन्या थरात त्यांना सायक्रोबॅक्टर कुळातला एक जिवाणू मिळाला. त्याच्यावर त्यांनी तसलीच तपासणी केली जशी आपल्या ताईच्या लघवीवर झाली. २८ अँटिबायोटिक औषधं लावून पाहिली. त्यांपैकी १० औषधांना तो दाद देईना. म्हणजे दहा 'आर'. त्यांत आज क्षयरोगावर आणि लघवीच्या संसर्गावर वापरली जाणारी औषधंही होती.

विचार करा. पाच हजार वर्षांपूर्वी गोळी नव्हती, इंजेक्शन नव्हतं, मेडिकलचं दुकान नव्हतं. मग याला औषधं चालेनाशी झाली कशी?

उत्तर आपण मघाशी पाहिलं त्यातच आहे. औषध म्हणजे जिवाणूंच्या भांडणातलं हत्यार. हत्यार जितकं जुनं तितकीच त्याच्यापासून वाचायची ढालही जुनी. कॅनडातल्या कायम गोठलेल्या जमिनीत ३० हजार वर्षांपूर्वीच्या अशा ढाली सापडल्याचं २०११ साली प्रसिद्ध झालं होतं. त्यांत पेनिसिलिनच्या जातीच्या औषधांविरुद्धची ढालही होती.

पण याच गुहेतल्या जिवाणूची दुसरी बाजूही आहे. आज रुग्णालयात डॉक्टरांना त्रास देणाऱ्या काही हट्टी जिवाणूंची वाढ तो प्रयोगशाळेत रोखतो. त्याची जनुकं, म्हणजे त्याच्या पेशीत लिहिलेल्या सूचना, शास्त्रज्ञांनी वाचून काढल्या. औषधांपासून बचाव करणाऱ्या सूचना शंभराहून जास्त. दुसऱ्या जंतूंना मारू किंवा रोखू शकतील अशा ११. आणि जवळजवळ ६०० सूचना अशा, की त्या कशासाठी आहेत हे अजून कळलेलंच नाही. नवं काही सापडलं तर कदाचित तिथेच सापडेल.

म्हणजे एकाच जिवाणूकडे ढालही आहे आणि हत्यारही.

शोध कसा चालतो

"मग सापडला जिवाणू, करा औषध," असं आपल्याला वाटेल. पण बर्फापासून गोळीपर्यंतची वाट लांब आहे. ती थोडक्यात सांगते.

पहिलं काम जिवाणू वाढवायचं. बशीत खाऊ घालायचा आणि थंड कपाटात ठेवून वाट बघायची. कधी कित्येक आठवडे. जास्त ऊब दिली तर हे जिवाणू मरतात.

दुसरं काम झुंज लावायची. बशीत एकीकडे बर्फातला जिवाणू, भोवती रोग करणारा जिवाणू. बर्फातल्याने काही सोडलं तर त्याच्याभोवती नितळ वर्तुळ दिसतं. तिथे रोगाचा जिवाणू वाढलेला नसतो. फ्लेमिंगच्या बशीत दिसलं तेच.

तिसरं काम गाळायचं आणि निवडायचं. जिवाणू शेकडो पदार्थ सोडतो. त्यांतला नेमका कोणता कामाचा? सुपात घोळून खडे वेगळे काढावेत तसे एकेक पदार्थ वेगळे करून पुन्हा पुन्हा तपासावे लागतात. इथेच बहुतेक वेळा कळतं, की हा तर जुनाच ओळखीचा पदार्थ.

चौथं काम म्हणजे तो माणसाला सोसेल का हे पाहायचं. जंतू मारणं सोपं आहे हो. फिनेलही जंतू मारतं. पण ते पिऊन चालतं का? जंतू मरावा आणि माणसाचं मूत्रपिंड, यकृत शाबूत राहावं, असा पदार्थ हवा. आधी पेशींवर, मग प्राण्यांवर, मग टप्प्याटप्प्याने माणसांवर चाचण्या होतात. यात दहा-पंधरा वर्षं सहज जातात, आणि सुरुवातीला आशा दाखवणारे बहुतेक पदार्थ वाटेतच गळतात.

बर्फातल्या जिवाणूंची आणखी एक गोम आहे. ते हळू वाढतात, म्हणून पदार्थही थेंबभरच मिळतो. त्यावर उपाय म्हणून शास्त्रज्ञ त्यांच्या सूचना वाचतात आणि भराभर वाढणाऱ्या, निरुपद्रवी जिवाणूच्या अंगी घालून पाहतात. कोंबडीखाली बदकाची अंडी उबवायला ठेवावीत, तसं काहीसं.

आपल्याकडची माणसंही तिथे गेली आहेत

हे सगळं परदेशातच चालतं असं नाही. भारताची पहिली अंटार्क्टिका मोहीम १९८१ साली गोव्याहून निघाली. आज ध्रुवांवरच्या आपल्या संशोधनाची राष्ट्रीय संस्था गोव्यातच आहे. अंटार्क्टिकावर मैत्री आणि भारती ही आपली दोन केंद्रं आहेत. तिथून आणलेले जिवाणू हैदराबादच्या प्रयोगशाळेत अभ्यासले गेले. त्यांतले काही जगाला नवीनच होते, म्हणून त्यांना नावंही नव्याने द्यावी लागली. एका जिवाणूच्या नावात तर अंटार्क्टिकाच आहे.

आणि एक गोष्ट खास आपल्यासाठी. अंटार्क्टिकावर जाणाऱ्या पहिल्या दोन भारतीय स्त्रियांपैकी एक आपल्या महाराष्ट्राची. अदिती पंत. जन्म नागपूरचा, शिक्षण पुण्यात. समुद्रातल्या जीवांचा अभ्यास करणाऱ्या शास्त्रज्ञ. १९८३-८४ च्या मोहिमेत त्या आणि बंगालच्या भूगर्भशास्त्रज्ञ सुदीप्ता सेनगुप्ता तिथे गेल्या. घरातल्या मुली शास्त्र शाखेला जाऊ म्हणाल्या तर हे नाव त्यांना सांगा.

बर्फ वितळला तर?

बैठकीत हे सांगितलं तेव्हा एकीने विचारलं, "बर्फ वितळून ते जिवाणू बाहेर आले तर?" रास्त प्रश्न आहे. गुहेतल्या जिवाणूचा अभ्यास करणाऱ्यांनीही तो मांडला आहे. जिवाणू एकमेकांना सूचना देऊ शकतात. आपण शेजारणीला बी देतो तसं. बर्फातल्या जिवाणूने औषधापासून बचावाची सूचना आजच्या जिवाणूला दिली तर दुखणं वाढेल. म्हणून प्रयोगशाळेत हे जिवाणू फार जपून हाताळतात.

पण मैत्रिणींनो, घाबरायचंच असेल तर त्या बर्फापेक्षा आपल्या जवळच्या गोष्टीला घाबरा. कारण आजचे हट्टी जिवाणू बर्फातून आलेले नाहीत. ते आपण वाढवले आहेत.

कापसाचं उदाहरण घ्या. गुलाबी बोंडअळीवर म्हणून बीटी बियाणं आलं. पहिली काही वर्षं अळी दिसेना. मग एखादी अळी अशी निघाली, की तिला त्याचं काही होईना. बाकीच्या मेल्या, हीच उरली, हिचीच पिल्लं वाढली. काही वर्षांत आपल्या कापूसपट्ट्यात बोंडअळी पुन्हा आलीच. जिवाणूंचं तंतोतंत हेच होतं. ढाल असलेले थोडे जिवाणू पहिल्यापासून असतात. आपण गरज नसताना औषध घेतलं, किंवा अर्धवट घेतलं, की साधे मरतात आणि ढालवाले मोकळ्या रानात वाढतात. फ्लेमिंग यांनी १९४५ साली नोबेल पारितोषिक घेतल्यावरच्या भाषणात हाच धोका सांगून ठेवला होता.

म्हणून बर्फातून उद्या नवं औषध आलं, तरी त्याची ढाल कुठेतरी आधीच असणार. आपण ते जुन्यासारखंच वापरलं, तर त्याच्यापुढेही 'आर' लागायला वेळ लागणार नाही.

तोवर आपल्या हातात काय आहे?

सर्दी, पडसं आणि बहुतेक घसादुखी विषाणूंमुळे होते. अँटिबायोटिक जिवाणूंना मारतं, विषाणूंना नाही. तेव्हा अशा दुखण्यात ते घेऊन फायदा शून्य, आणि ढालवाल्या जिवाणूंचं आयतं फावतं.

गोळीच्या पाकिटावर उभी लाल रेघ असेल तर ती डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय घ्यायची नाही. मेडिकलमध्ये "जळजळ होते, काहीतरी द्या," म्हणून दोन गोळ्या आणायच्या नाहीत. आपली ताई पहिल्या दोन वेळा तेच करून बसली होती.

डॉक्टरांनी सांगितले तितके दिवस आणि सांगितल्या वेळी गोळ्या घ्यायच्या. क्षयरोगाच्या औषधात तर एक दिवसही खंड नको. उरलेली गोळी डब्यात जपून ठेवून जावेला, शेजारणीला द्यायची नाही. तिचं दुखणं वेगळं असू शकतं. पुन्हा पुन्हा त्रास होत असेल तर, "तपासणी करून औषध द्याल का?" असं डॉक्टरांना विचारायला लाजू नका.

गोठ्यातही हेच लागू आहे. गाईला, म्हशीला कासेची सूज आली, आपण जिला दगडी म्हणतो, की पशुवैद्याला बोलवा. इंजेक्शन दिल्यावर ते सांगतील तितके दिवस त्या जनावराचं दूध डेअरीला घालू नका आणि घरातही वापरू नका. कोंबड्यांना वाढीसाठी म्हणून अँटिबायोटिक देऊ नका. कोलिस्टिन हे माणसासाठी अगदी शेवटचं राखून ठेवलेलं औषध. ते कोंबड्या-जनावरांना द्यायला सरकारने २०१९ साली बंदी घातली, ती याचसाठी.

आणि सगळ्यात स्वस्त उपाय म्हणजे संसर्गच होऊ न देणं. साबणाने हात धुणं, स्वच्छ पाणी, मुलांच्या लसी वेळेवर. बाया दिवसभर रानात पाणी पीत नाहीत, लघवी दाबून ठेवतात, कारण आडोसा नसतो. लघवीच्या त्रासाला हेही एक निमित्त आहे. रानात, बाजारात बायकांसाठी संडासाची सोय मागणं, हाही औषध वाचवायचाच एक मार्ग आहे. ग्रामसभेत गटाने हा विषय जरूर मांडावा.

त्या ताईचं काय झालं, ते सांगायचं राहिलं. डॉक्टरांनी दोन 'एस' पैकी एक औषध दिलं. तिने ते सांगितले तितके दिवस घेतलं. आता ती बरी आहे, मागच्या बैठकीत बचतीचा हिशोब तिनेच लिहिला.

शास्त्रज्ञ बर्फात शोधत आहेत, शोधू देत. त्यांना यश येईल, कदाचित आपल्या नातवंडांच्या वेळेपर्यंत. तोवर त्या कागदावर जेवढे 'एस' शिल्लक आहेत, तेवढे आपल्याला सांभाळायचे आहेत. आपल्या घरात असा रिपोर्ट कधी आला तर तो फेकून देऊ नका. जपून ठेवा आणि पुढच्या वेळी डॉक्टरांना दाखवा.